गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर आणि ऑपरेशन चालू असताना होणारी ‘फ्रोझन’ तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटला सहसा न दिसणारा डॉक्टर. थिएटरमधून निघालेली पिशवी किंवा तुकडा आमच्याकडे येतो आणि रिपोर्टखाली सही आमची असते. त्यामुळे नातेवाइकांचे प्रश्नही आमच्याकडे येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या पेशंटबाबतचा निर्णय तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्यायचा आहे. काय विचारायचं हे आधी ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे पान.

१. आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. परवा कपड्यावर एकदाच डाग दिसला. एवढ्यावरून कॅन्सरचा संशय घ्यायचा का?

संशय घ्यायचा, घाबरायचं नाही. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणाऱ्या साधारण दहा बायकांत एकीला अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांत अस्तर सुकून पातळ झालेलं असतं, पॉलिप, म्हणजे अस्तराचा कोंब, असतो किंवा हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम असतो. पण ज्यांना हा कॅन्सर होतो, त्या दहातल्या नऊ जणींना रक्तस्राव होतो आणि तोही लवकर होतो. म्हणून हा कॅन्सर बहुतेक वेळा पिशवीच्या बाहेर पडण्याआधीच हाती लागतो. अट एकच, डाग दिसल्यावर कोणीतरी दवाखान्यात जायला हवं. ‘एकदाच गेलं, मग थांबलं’ हे वाक्य फार ऐकू येतं. थांबलं म्हणून तपासणी टाळायची नाही. वजन जास्त असेल, मधुमेह असेल, तरुणपणी पीसीओएस होतं किंवा ब्रेस्टच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर अजिबातच नाही.

सुरुवात योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने होते. अस्तराची जाडी ४ मिमी किंवा त्याहून कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहूनही कमी राहते आणि पहिल्या वेळी थांबता येतं. पुन्हा डाग दिसला, तर जाडी कितीही असो, तुकडा तपासायचाच. सीरस जातीचा आक्रमक कॅन्सर पातळ अस्तरातही असू शकतो. टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईत तर जाडीच्या आकड्याला फारसा अर्थच नसतो.

२. क्युरेटिंग झालं, रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर नाही’ आलं. तरी डॉक्टर हिस्टेरोस्कोपी करू म्हणतात. पैसे काढायचे धंदे का?

बहुधा नाही. क्युरेटिंगमध्ये अस्तर न बघता खरवडलं जातं आणि बऱ्याच बायकांत अर्धंही अस्तर हाती येत नाही. पिशवीभर पसरलेला कॅन्सर त्यात सापडतो. कोपऱ्यातला किंवा पॉलिपच्या टोकावरचा निसटू शकतो. बारीक नळीने ओपीडीतच घेतलेल्या पिपेल बायोप्सीचंही तसंच आहे. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी रक्त जात राहिलं, किंवा आम्हीच रिपोर्टवर ‘तुकडा अपुरा’ असं लिहिलं, तर दुर्बिणीतून बघून नेमक्या जागेचा तुकडा घ्यावा लागतो. ‘अपुरा’ या शब्दाचा अर्थ ‘नॉर्मल’ असा घेऊ नका.

३. फ्रोझन म्हणजे नक्की काय करतात?

पेशंट भुलेखाली टेबलवर असताना तिच्या शरीरातला तुकडा गोठवून, कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि उत्तर थिएटरमध्ये कळवायचं. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ साली ती नीट बसवली. पेशंट टेबलवर असतानाच गाठ कशाची हे कळावं, अशी तिथल्या सर्जन मंडळींची मागणी होती. पहिले तुकडे त्यांनी तिथल्या हिवाळ्यात खिडकीबाहेरच्या थंडीत गोठवले आणि मिथिलीन ब्लूने रंगवले. आता त्यासाठी क्रायोस्टॅट नावाचं यंत्र असतं.

गर्भपिशवीच्या बाबतीत हे असं चालतं. पिशवी कोरडी, ताजी, कुठलंही औषध न लावता आमच्याकडे येते. वजन करायचं, बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची, तोंडापासून वरच्या कोपऱ्यांपर्यंत दोन्ही कडांनी कापून पुस्तक उघडावं तशी ती उघडायची. गाठ दिसली की मोजपट्टी लावायची. मग साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने आडवे काप घेत जायचं आणि गाठ पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूत सर्वांत खोल कुठे शिरली आहे ती जागा शोधायची. कॅन्सरची जागा पांढुरकी, ठिसूळ दिसते. तिथे स्नायूचे धागे तुटल्यासारखे वाटतात. त्या जागेचा बोटाच्या नखाएवढा तुकडा एका घट्टसर जेलमध्ये बसवून उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास गोठवतात आणि मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाइतका पातळ काप काढतात. दोन-चार मिनिटांत तो रंगवून होतो. एका तुकड्याला साधारण २० मिनिटं लागतात. अख्खी पिशवी उघडून बघायची असेल, तर अर्धा-पाऊण तास धरा.

उत्तर फोनवर जातं आणि समोरच्याने ते वाचून दाखवायचं असा नियम असतो. थिएटरच्या आवाजात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

४. बायोप्सीत वेळ घालवण्यापेक्षा थेट पिशवीच काढू आणि टेबलवर फ्रोझन करून बघू, असं आमचे डॉक्टर म्हणाले. चालेल का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि उत्तर स्पष्ट आहे. ऑपरेशनआधी बायोप्सी शक्य असेल, तर ती करूनच टेबलवर जा. फ्रोझन बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही.

एक तर बायोप्सीवरून कॅन्सरची जात कळते. एंडोमेट्रिऑईड जात असेल तर ऑपरेशन एक, आणि सीरस, कार्सिनोसार्कोमा किंवा अविभेदित अशी आक्रमक जात असेल तर दुसरं. या दुसऱ्यात पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, म्हणजे ओमेंटमचा, तुकडाही घ्यावा लागतो. हे आधी माहीत असेल तर ऑपरेशन कोणी आणि कुठे करायचं हेही ठरतं. गावातल्या नर्सिंग होममध्ये पिशवी काढणारे उत्तम सर्जन असतात, पण लिम्फ नोडचं, म्हणजे लसिकाग्रंथींचं, ऑपरेशन कर्करोग-सर्जनचं काम आहे. पोट उघडल्यावर फ्रोझनमध्ये सीरस कॅन्सर निघाला, तर त्या क्षणी तिथे कोण असणार?

शिवाय कॅन्सर नसलेल्या कित्येक बायकांचा रक्तस्राव पॉलिप काढून किंवा औषधांनी थांबतो. त्यांची पिशवी काढण्याचं कारणच नसतं. महाराष्ट्रात पिशवी काढणं किती सहज होतं, हे २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालून पिशवी काढली जात असेल, तर एकच प्रश्न विचारा: तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे?

याला अपवाद आहेत. पिशवीचं तोंड इतकं आकसलेलं असतं की आत नळी जात नाही. रक्तस्राव इतका असतो की थांबायला वेळ नसतो. किंवा दोनदा प्रयत्न करूनही तुकडा अपुराच येतो. अशा वेळी टेबलवर फ्रोझन करून पुढचं ठरवणं योग्य आहे.

५. बायोप्सीत कॅन्सर आधीच कळला आहे. मग टेबलवर फ्रोझन कशासाठी?

कॅन्सर आहे हे कळलं, तो कुठवर गेला हे अजून कळलेलं नाही. फ्रोझनमध्ये मुख्यतः बघायचं असतं ते हे: गाठ किती मोठी, स्नायूच्या निम्म्याहून खोल गेली का, ग्रेड (प्र. ८) बायोप्सीपेक्षा वरचा आहे का, गाठ पिशवीच्या तोंडाकडे किंवा ओव्हरीत उतरली का. त्यावरून ओटीपोटातले लिम्फ नोड काढायचे की नाही, हे ठरतं.

मेयो क्लिनिकच्या अनुभवातून तयार झालेला निकष जगभर वापरला जातो. एंडोमेट्रिऑईड जात, ग्रेड १ किंवा २, स्नायूत निम्म्यापर्यंतच शिरकाव आणि गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, हे सगळं एकत्र असेल तर नोडमध्ये कॅन्सर असण्याची शक्यता अगदी नगण्य असते. अशा पेशंटचे नोड काढून फायदा नाही, त्रास मात्र आहे. लिम्फ नोड काढलेल्या काही बायकांच्या पायांवर आयुष्यभर सूज राहते. साडीखाली ती कोणाला दिसत नाही, पण जिना चढताना जाणवते. सुरुवातीच्या टप्प्यात सरसकट सगळे नोड काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे इटलीतल्या २००८ च्या आणि ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टेक या २००९ च्या चाचणीत दिसून आलं.

म्हणून सर्जनला ऑपरेशनआधी विचारा: ‘फ्रोझनमध्ये अमुक आलं तर तुम्ही काय कराल आणि तमुक आलं तर काय कराल?’ दोन्ही उत्तरं एकच असतील, तर फ्रोझन करू नये. पैशांचा मुद्दा सोडाच. गोठवलेल्या तुकड्यात बर्फाचे कण तयार होऊन पेशी फुगतात, आणि नंतरच्या पक्क्या तपासणीसाठी तो भाग खराब होतो.

६. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये म्हणाले, ‘आम्ही सेंटिनेल करतो, फ्रोझन लागत नाही.’ कोण बरोबर?

दोघंही असू शकतात. सेंटिनेल म्हणजे गाठीकडून वाहणारा लसिकारस सगळ्यात आधी ज्या नोडमध्ये पोचतो तो नोड. पिशवीच्या तोंडात इंडोसायनिन ग्रीन नावाचं हिरवं औषध टोचतात आणि खास कॅमेऱ्याखाली चमकणारे तेवढेच नोड काढतात. २०१७ साली आलेल्या फायर्स अभ्यासात या पद्धतीने नोडमधला कॅन्सर ९७ टक्के वेळा पकडला गेला. नोड थोडे, सूज कमी, माहिती जवळजवळ तेवढीच. त्यामुळे जिथे हा कॅमेरा आणि हाताची सवय आहे, तिथे नोडचा निर्णय फ्रोझनवर टाकायची गरज कमी झाली आहे. युरोपातल्या ईएसजीओ, ईएसटीआरओ आणि ईएसपी या संस्थांच्या २०२१ च्या एकत्रित मार्गदर्शक सूचनांनी तर निव्वळ स्नायूतली खोली बघण्यासाठी फ्रोझन करू नये, असाच सूर लावला. निकाल प्रत्येक हातात सारखा येत नाही आणि पक्क्या तपासणीत अडथळा येतो, ही त्यांची कारणं.

आमचं मत थोडं मधलं आहे. कॅमेरा नसलेल्या ठिकाणी अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं फ्रोझन अजूनही कामाचं आहे. कॅमेरा असला तरी कधीकधी एका बाजूला औषध चढतच नाही, नोड चमकत नाही. तेव्हा त्या बाजूचे सगळे नोड काढायचे की सोडायचे, हे ठरवायला फ्रोझनच मदतीला येतं.

७. मग सेंटिनेल नोडचंच फ्रोझन करून का बघत नाहीत?

त्यातल्या कॅन्सरच्या ठेवी फार बारीक असतात. ०.२ ते २ मिमीच्या ठेवीला सूक्ष्म प्रसार म्हणतात. त्याहून लहान म्हणजे नुसत्या सुट्या पेशी. नोडचे अनेक थरांवर काप घेऊन, विशेष रंग लावून त्या शोधाव्या लागतात. फ्रोझनमध्ये त्या सुटतात, आणि गोठवताना-कापताना नोडचा काही भाग वायाही जातो. नोड हाताला टणक किंवा मोठा लागला, तर गोष्ट वेगळी.

८. फ्रोझनवर किती विश्वास ठेवायचा?

प्रश्नावर अवलंबून आहे. कॅन्सर आहे की नाही, याला उत्तर बहुतेक वेळा खात्रीचं मिळतं. स्नायूत निम्म्याहून खोल गेला का, यालाही बऱ्यापैकी. ग्रेडच्या बाबतीत जपून राहावं.

ग्रेड म्हणजे गाठीत ग्रंथींचा आकार न राहता पेशींचा भरीव ढीग किती झालाय, ते प्रमाण. ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्रेड १, ६ ते ५० टक्के ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. फ्रोझनला आम्ही गाठीचा एखाद-दुसरा तुकडा बघतो आणि बाकी सगळी गाठ अजून बघायची असते. भरीव भाग नेमका न बघितलेल्या बाजूला असला, की पक्क्या रिपोर्टमध्ये ग्रेड चढतो. ऑपरेशनआधीच्या बायोप्सीचंही हेच आहे. बायोप्सीत ग्रेड १ आलेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के जणींचा ग्रेड पुढे वाढतो.

खोलीच्या बाबतीत ठरलेल्या अडचणी आहेत. अ‍ॅडेनोमायोसिस असेल, म्हणजे अस्तर मुळातच स्नायूत घुसलेलं असेल, तर कॅन्सर त्या जुन्या वाटेने खाली उतरतो आणि खोल शिरल्याचा भास होतो. वरच्या कोपऱ्यांत, नळी निघते तिथे, स्नायू मुळातच पातळ असतो. मोठा फायब्रॉईड सगळी मापं बिघडवतो. शिवाय एका प्रकारात कॅन्सर इक्कादुक्का पेशींनी, आवाज न करता पुढे सरकतो. तो फ्रोझनला हमखास निसटतो. एमआरआयलाही यातल्या बऱ्याच अडचणी येतात. म्हणून एमआरआय आणि फ्रोझन दोन्ही एकच सांगत असतील, तर निर्णय सोपा होतो.

९. फ्रोझनवर ‘डिफर्ड’ असं लिहून आलं. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला जमलं नाही का?

‘आत्ता सांगणं योग्य नाही, पक्क्या रिपोर्टची वाट पाहा’ असा त्याचा अर्थ. सर्जन वाट पाहत असतो, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत असतो, बाहेर तुम्ही बसलेले असता. तरीही ‘माहीत नाही’ म्हणता येणं या कामात फार गरजेचं आहे. चुकून ‘कॅन्सर’ म्हटलं तर गेलेला अवयव परत बसवता येत नाही. चुकून सुटलं तर दुसरं ऑपरेशन करता येतं. शंकेच्या वेळी आम्ही दुसऱ्या चुकीची बाजू घेतो आणि सर्जन कमीत कमी ऑपरेशन करून टाके घालतात.

१०. रिपोर्टमध्ये ‘अटिपिकल हायपरप्लेसिया’ आहे, कॅन्सर नाही. तरी ऑपरेशनच्या वेळी फ्रोझन करणार म्हणतात.

बरोबर करताहेत. हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा मानला जातो, पण बायोप्सीत एवढंच दिसलं म्हणून पिशवीतही एवढंच असेल असं नाही. स्त्रियांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या जीओजी या संशोधन गटाच्या २००६ च्या अभ्यासात अशा बायकांची पिशवी काढून बघितली, तेव्हा सुमारे ४३ टक्के जणींत त्याच वेळी कॅन्सर निघाला. बहुतेक वरवरचा, पण सगळा नाही. फ्रोझनमध्ये खोल गेलेला कॅन्सर दिसला, तर त्याच भुलेत पुढचं उरकता येतं. मात्र फ्रोझन स्वच्छ आलं तरी निश्चिंत होऊ नका, गाठ बारीक असेल तर ती पक्क्या तपासणीतच दिसते (प्र. १२).

११. मी ३३ वर्षांची आहे, मूल नाही. अस्तराचा ग्रेड १ कॅन्सर निघाला. पिशवी वाचेल का? फ्रोझनचा काही उपयोग?

निवडक बायकांत वाचते. ग्रेड १ एंडोमेट्रिऑईड, एमआरआयमध्ये स्नायूत शिरकाव नाही, बाहेर कुठे पसरलेला नाही, अशा वेळी दुर्बिणीतून गाठ काढून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी, किंवा दोन्ही, देतात आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा बघतात. कॅन्सर गेला की मुलासाठी लगेच प्रयत्न करायचे. मूल झाल्यावर पिशवी काढावी, असा सल्ला सहसा देतात.

यात फ्रोझनला जागा नाही. दुर्बिणीतून निघालेले तुकडे बारीक असतात आणि तुमच्यासाठी त्यातला प्रत्येक कण पक्क्या तपासणीला हवा असतो. उपचाराला सुरुवात करण्याआधी ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड्स गर्भाशयाच्या कॅन्सरचं काम रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. एवढा मोठा निर्णय एकाच सहीवर नको, मग ती सही आमची का असेना.

ओव्हरीबद्दलही प्रश्न येतात. पाळी चालू असलेल्या बाईत, ग्रेड कमी आणि शिरकाव वरवरचा असेल, तर पिशवी काढूनही ओव्हरी ठेवता येतात. मात्र घरात आतड्याच्या किंवा अस्तराच्या कॅन्सरचा इतिहास असेल, तर आधी प्र. १५ वाचा.

१२. फ्रोझनमध्ये ‘कॅन्सर नाही’, आणि दहा दिवसांनी रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर’. आता कोणाला धरायचं?

आधी शांतपणे रिपोर्ट वाचा. पक्क्या तपासणीत तुकडे फॉर्मलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून अनेक ठिकाणांहून काप घेतात. फ्रोझनच्या एखाद-दुसऱ्या तुकड्यात नसलेली गाठ तिथे दिसू शकते. बहुतेक वेळा ही पद्धतीची मर्यादा असते, कोणाचा निष्काळजीपणा नव्हे.

आता पुढे काय? जात, ग्रेड आणि खोली कमी धोक्याची असेल, तर पिशवी काढल्यावर काहीच करावं लागत नाही. धोका जास्त असेल तर सीटी किंवा पेट स्कॅन करून ठरवतात: पुन्हा ऑपरेशन करून नोड बघायचे, की गाठीच्या बाकी खुणांवरून थेट लाईट (रेडिएशन) किंवा केमो द्यायची. दुसरं ऑपरेशन दरवेळी लागतंच असं नाही.

पिशवी खाली आली म्हणून किंवा फायब्रॉईडसाठी काढली आणि रिपोर्टमध्ये अनपेक्षित कॅन्सर निघाला, त्यांनाही हेच उत्तर लागू आहे.

१३. फायब्रॉईडच्या ऑपरेशनमध्ये गाठ संशयास्पद वाटली, तर फ्रोझनने कळतं का?

अर्धवट कळतं. स्नायूतल्या गाठीचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, ठरवताना पेशींचं विभाजन मोजावं लागतं, मेलेले भाग कशामुळे मेले ते बघावं लागतं. गोठवलेल्या कापात हे नीट होत नाही. त्यामुळे इथे ‘डिफर्ड’ जास्त वेळा येतं. संशय असताना पोटात गाठीचे तुकडे करून काढू नयेत, हा नियम फ्रोझनपेक्षा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या एफडीएने पोटात गाठी दळून काढणाऱ्या यंत्रांबाबत २०१४ साली इशारा दिला तो याचसाठी. अस्तराच्या कॅन्सरलाही हेच लागू: दुर्बिणीने ऑपरेशन करायला हरकत नाही, पण पिशवी अख्खी, खालच्या वाटेने बाहेर यायला हवी.

१४. आमच्या शहरात फ्रोझनची सोय नाही. काय करायचं?

क्रायोस्टॅट जिल्ह्याच्या ठिकाणीही दरवेळी नसतो. काही सर्जन तुकडा गाडीने शेजारच्या लॅबला पाठवतात. अर्ध्या तासाच्या आत पोचत असेल, तर ते चालतं. मात्र एक घोटाळा हमखास होतो. पिशवी थिएटरमधून निघते, आणि रोजच्या सवयीने कोणीतरी ती फॉर्मलिनच्या बरणीत टाकतं. आमच्यापर्यंत येते तेव्हा कडेचा भाग करडा पडलेला असतो. फॉर्मलिन लागलेल्या तुकड्याचं चांगलं फ्रोझन होत नाही. एका हॉस्पिटलमधून आलेल्या अशा पिशवीवर चिठ्ठी होती ‘फ्रोझन, अर्जंट’, आणि झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आलं. भुलेतली बाई वाट पाहत राहिली आणि उत्तर मिळालंच नाही. बरणीत काय आहे हे थिएटरच्या सिस्टरला आदल्या दिवशीच विचारून ठेवा, असं तुमच्या सर्जनला सांगा. यात कोणाचा अपमान नाही.

जात आक्रमक असेल किंवा एमआरआयमध्ये खोल शिरकाव दिसत असेल, तर सोय असलेल्या ठिकाणी जाणंच शहाणपणाचं. ग्रेड १ आणि वरवरची गाठ असेल, तर फ्रोझनशिवाय पिशवी काढून पक्का रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवणंही मान्य आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेत असाल, तर फ्रोझनचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा.

टीबीचा संशय असेल तर मात्र आम्हीच फ्रोझनला नकार देतो. गोठवलेला तुकडा कापताना जंतू हवेत उडतात आणि यंत्र दूषित होतं. पोटात टीबीसारखं काही आधी दिसलं असेल, तर ते आम्हाला सांगायलाच हवं.

१५. पक्क्या रिपोर्टमध्ये एमएमआर, पी-५३, पोल असं बरंच काही आहे. हे फ्रोझनमध्ये का नव्हतं?

या तपासण्या मेणातल्या तुकड्यांवर होतात आणि त्यांना काही दिवस लागतात, पोलला जास्तच. २०१३ साली आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासानंतर या कॅन्सरचे चार गट मानले जातात. पोल जनुकात बदल असलेल्यांचा निकाल फार चांगला असतो, पी-५३ जनुक बिघडलेल्यांचा अवघड. उरलेले दोन गट या दोघांच्या मध्ये. ग्रेड ३ दिसणारी गाठ पोल गटातली निघाली, तर उपचार कमी होऊ शकतात. फ्रोझन कितीही चांगलं केलं, तरी यातलं काहीही त्यात दिसणार नाही.

एमएमआर म्हणजे एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनं. यातलं एखादं नसेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे आनुवंशिक दोषाची शक्यता बघावी लागते. एमएलएच-१ नसेल, तर आधी आणखी एक तपासणी करतात, कारण बहुतेकदा ते आनुवंशिक नसतं. दोष निघाला तर बहिणी, भाऊ आणि मुलांनाही तपासणीचा सल्ला मिळतो, कारण त्यात आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो.

१६. एका रिपोर्टमध्ये स्टेज १-ए, दुसऱ्या हॉस्पिटलच्या कागदावर स्टेज २. रोग वाढला का?

बहुधा रोग तिथेच आहे, मोजपट्टी बदलली आहे. फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००९ ची पद्धत मुख्यतः गाठ कुठवर गेली हे बघते. २०२३ च्या पद्धतीत जात, रक्त-लसिकावाहिन्यांतला शिरकाव आणि प्र. १५ मधले गटही येतात. स्नायूत थोडाच शिरलेला, पण पी-५३ बिघडलेला कॅन्सर जुन्या पद्धतीत १-ए होता, नव्यात तो दुसऱ्या स्टेजच्या ‘सी’ मध्ये जातो. पोल गटातला उलट खाली येतो. कागदावर कोणत्या सालची फिगो वापरली आहे ते लिहून घ्या आणि विम्याचा फॉर्म भरताना दोन्ही सालांच्या स्टेज एकत्र करू नका.

१७. क्युरेटिंगमध्ये कॅन्सर होता. पिशवी काढली तर त्यात काहीच नाही म्हणतात. पेशंट बदलला का?

हे क्वचित होतं, पण होतं. गाठ लहान आणि वरवरची असेल, विशेषतः पॉलिपच्या टोकावर असेल, तर क्युरेटिंगमध्येच ती सगळी निघून जाते. अशा वेळी फ्रोझनही स्वच्छ येतं. आम्ही मग पिशवीचं सगळं अस्तर, कोपऱ्यांसकट, मेणात घालून तपासतो आणि जुन्या स्लाइड्स मागवून पुन्हा बघतो. अदलाबदलीची खरीच शंका असेल, तर जुन्या ब्लॉकमधल्या आणि पिशवीच्या पेशींचा डीएनए जुळवून बघता येतो. काहीच उरलेलं नसेल तर जात आणि ग्रेड जुन्या बायोप्सीवरूनच धरतात.

म्हणून जुना मेणाचा ब्लॉक जपून ठेवा. प्र. १५ मधल्या तपासण्यांसाठी तुमच्या कॅन्सरचा उरलेला तुकडा तेवढाच असतो. लॅबकडून ब्लॉक घेताना पावती करा, आणि दुसऱ्या हॉस्पिटलला दिला तर तो परत कधी मिळणार हे लिहून घ्या.